दाराजवळची सतरंजी

घर घेतलं आणि दहा महिने त्यात राहायलाच गेलो नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. काही भानगड होती का, असं तोंडावर विचारतात. भानगड कसली डोंबलाची? मुलगी दहावीत होती, एवढंच. दहावीच्या वर्षी घर बदलायचं नाही, शाळा बदलायची नाही, जमल्यास पंख्याखालची खुर्चीसुद्धा हलवायची नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे.

तेव्हा आम्ही पाथरीत किरायाने राहत होतो. मी जवळच्या एका खेड्यात शाळेवर, नवरा परभणीच्या ऑफिसात, आणि पोरीची शाळा, शिकवणी, मैत्रिणी सगळं पाथरीत. नवरा रोज एसटीने जाऊन येऊन करायचा. परभणीत पिंगळीच्या बाजूला एका नव्या वस्तीत तीन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेलं घर आम्हाला पसंत पडलं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची रजिस्ट्री झाली. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत आम्ही सहा घरं बदलली होती. सहाही ठिकाणी भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी मालकिणीला विचारावं लागायचं. एका मालकिणीने तर मला कॅलेंडरसाठीसुद्धा खिळा ठोकू दिला नव्हता. मी वर्षभर तारखा फ्रिजवर बघितल्या. त्यामुळे किल्ली हातात आल्यावर मी पहिलं काम कोणतं केलं असेल तर हॉलमध्ये दाराशेजारी एक चांगला मोठा खिळा ठोकला. त्याला लावायला काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, "हे कशाला?" मी म्हणाले, "असंच."

राहायला जायचं ते परीक्षा झाल्यावर, गुढीपाडव्याला, हे ठरलेलं होतं. मग वास्तुशांतही तेव्हाच करायची की नाही? पण नवऱ्याला दम निघेना. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत, पाहुणे मोकळे आहेत, आणि मुख्य म्हणजे आंबे आहेत, असं त्याचं म्हणणं. आमरसाच्या पंगतीसाठी आम्ही वास्तुशांत दहा महिने अलीकडे ओढली, असं म्हटलं तरी चालेल. घरोघर जाऊन आवतन दिलं. आमच्याकडे फोनवर सांगितलेलं आवतन धरत नाहीत. कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि "समद्यांनी यायचं बरं का" असं तोंडाने म्हणायचं, तेव्हा ते आवतन. चुलत, मावस, शेजारी, शाळेतले, ऑफिसातले, कोणाला सोडलं नाही. पाथरी, सोनपेठ, दोन्हीकडच्या सोयऱ्यांची दारं पालथी घातली.

एक माणूस मात्र आवतनाशिवाय आला. माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून इथेही मामाच म्हणते. नवरा आणि बाकी सगळे त्यांना दादा म्हणतात. घरच्या माणसाला कुठे आवतन असतं? ते तर द्यायचं नसतंच. दिलं तर उलट राग येतो, आम्हाला परकं केलं म्हणून.

मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपल्यावर सोनपेठलाच राहिले. सासूबाई गेल्यावरही तिथेच, स्टँडजवळच्या एका किरायाच्या खोलीत. स्वतःचं स्वतः करून खायचे, सकाळी हॉटेलात चहाला जाऊन बसायचे. आम्ही पाथरीला बोलावलं तर म्हणायचे, "तुमच्या दोन खोल्यांत मी कुठं मावतोय?" ते खरंच होतं, म्हणून आम्हीही फार ताणलं नाही. उंच माणूस, बारीक, पांढरा शर्ट, आणि एक जुनी सवय. कोणतंही काम नीट झालं की हाताशी असेल त्या लाकडावर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. म्हणजे गाडी जाऊ द्या.

वास्तुशांत छान झाली. रस कमी पडला नाही. मी मात्र त्या दिवशी हवेत होते. जो येईल त्याला हाताला धरून घर दाखवत होते. "ही आमची खोली, ही पोरीची, आणि ही मागची सामानाची." किमान पन्नास वेळा म्हणाले असेन. मामा माझ्या मागे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्यांना पाणी देत हिंडत होते. माझं बोलणं त्यांनी पन्नास वेळा ऐकलं असणार. मला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही.

पंगत उठली आणि आमच्या एका चुलत सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग उद्यापसून हितंच का?"

"नाही, पाडव्याला," नवरा म्हणाला.

त्यांचा अडकित्ता थांबला. "वास्तू केल्यावर घर अंधारात ठिवत्यात व्हय? सांजच्याला दिवा लागाया पायजेल. कुणी सांगितलं न्हाई का तुमाला?"

कोणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. मी तशी फार मानणारी नाही. शाळेत विज्ञान शिकवते. पण पहिलंच घर, त्यात नुकती पूजा झालेली, आणि चारचौघांत बाईने असं बोललेलं. रोज पाथरीहून परभणीला दिवा लावायला कोण येणार? नवऱ्याचं ऑफिस सुटायचं आणि त्याला शेवटची सोयीची बस धरायची असायची. मी नवऱ्यावर तिथेच चिडले, आंब्यांवरून बोलले, नको ते बोलले. तेव्हा मामा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "मी हाय की. मी लावतो दिवा. त्यात काय?"

आम्हाला इतकं हायसं वाटलं की आम्ही "हो" सुद्धा म्हटलं नाही. गृहीतच धरलं.

दोन दिवसांनी मामा सोनपेठहून एक रेग्झिनची पिशवी घेऊन आले. सोनपेठची खोली त्यांनी सोडली नव्हती. पिशवी माझ्या त्या खिळ्याला लावली, दाराजवळ सतरंजी अंथरली आणि तीच त्यांची जागा झाली. मी म्हटलं, "मामा, आत खोलीत झोपा ना, वारा लागतो." म्हणाले, "कंडक्टरची जागा दारापाशीच असती माय." मी हसले. मला तो विनोद वाटला.

रिकाम्या घराला किती काम असतं हे मला त्या दहा महिन्यांत कळलं. भरल्या घरात माणसं वावरतात म्हणून निम्मी कामं आपोआप होतात. बंद घरात प्रत्येक गोष्टीची आठवण ठेवून ती करावी लागते. नळ रोज उघडले नाहीत तर गच्च होतात. बाथरूमच्या जाळीत पाणी ओतलं नाही तर गटाराचा वास आत येतो आणि वासापाठोपाठ झुरळं येतात. बोअरची मोटर आठवड्यातून दोनदा तरी फिरवावी लागते, नाहीतर जाम होते. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरात माणूस पाहिजे. लाइटचं मीटर नावावर करायचं, घरपट्टीला नाव लावायचं, त्याच्यासाठी खरेदीखताच्या झेरॉक्स घेऊन खेटे मारायचे. पावसाळ्यात दारं फुगतात, ती सुताराकडून रंधून घ्यायची. पण पावसाळा संपल्यावर, आधी नाही, नाहीतर उन्हाळ्यात फट पडते. हे सगळं मला मामांनी शिकवलं. त्यांना तरी कुठून माहीत होतं? त्यांचं स्वतःचं घर कधीच नव्हतं. पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात राहिलेला माणूस कोणतं घर का बिघडलं हे बघत आलेला असतो.

आम्ही रविवारी जायचो. डबा घेऊन, पोरीची पुस्तकं घेऊन. मामा दारातच उभे असायचे आणि आठवड्याचा रिपोर्ट द्यायचे. "गच्चीवर पाणी साचवून बघितलं. तीन दिस ठिवलं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल धरायलीय. मिस्त्रीला बोलिवलंय." मिस्त्री आला, मामा त्याच्या डोक्यावर उभे राहिले, गळती बंद झाली. चौकटीवर टकटक, टकटक. एकदा स्वयंपाकघराच्या दाराला वाळवीची मातीची रेघ दिसली. मी घाबरून किंचाळले. मामा म्हणाले, "गुरुवारीच दिसली. औषध मारलंय. ही जुनी रेघ हाय, तुमाला दाखवायला ठिवली."

दाराशी त्यांनी कढीलिंब लावला, तुळस लावली. समोरच्या काकूंशी ओळख केली, त्या बऱ्याच वर्षांपासून त्या वस्तीत राहत होत्या. पोरीला कळेल असं भूमितीसुद्धा शिकवायला बघितलं. भूमिती काही जमली नाही, पण पोरगी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसून पाठांतर करायला लागली. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की मामा फरशीवर दोन टिचक्या मारायचे. तिला त्याची इतकी सवय झाली की घरी पाथरीत अभ्यास होईना.

एका गोष्टीवरून मात्र माझं आणि मामांचं वाजलं. ते स्वयंपाक बाहेर करायचे. मागच्या दारी, धुण्याच्या जागेपाशी, छोटा स्टोव्ह मांडून. आत नवाकोरा ओटा, आणि हा माणूस बाहेर उकिडवा बसून भाकरी थापतोय. मला हे कळलं ते दिवाळीत, काकूंकडून. मी तडक मागच्या दारी गेले.

"मामा, लोकांना काय वाटेल? सुनेनं सासऱ्याला घराबाहेर बसवलं म्हणतील."

"न्हाई म्हणत माय कुणी."

"मग आत का करत नाही?"

"नवा वटा हाय. तुमचं हळदीकुंकू व्हईल, तुमी पयलं दूध तापवताल, मग पेटंल शेगडी. मी कामून आधी खराब करू?"

"खराब कसला होतोय? तुम्ही ना, मुद्दाम करता!" मी आवाज चढवला. मामांनी भाकरी उलटली. मला वाटलं, म्हातारं हट्टी आहे. नवऱ्याला मी तसं म्हटलंही. नवरा म्हणाला, "जाऊ दे. त्यांची पद्धत आहे ती." आम्ही दोघंही शिकलेली माणसं, आणि दोघांच्याही डोक्यात त्यापुढे प्रकाश पडला नाही.

दिवा मात्र एक दिवस चुकला नाही. मामा थंडीतापाने फणफणले होते त्या आठवड्यातसुद्धा नाही. काकू सांगत होत्या, मी लावते म्हणाले तर ऐकेनात, भिंतीला धरून उठले आणि लावला.

परीक्षा झाली. पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पोत सामान घालून आम्ही पाथरी सोडली. मामांनी टेम्पोतली प्रत्येक वस्तू उतरवून घेतली, कपाट तिरकं करून कसं आत न्यायचं ते हमालांना सांगितलं. पाडव्याला सकाळी गुढी उभारली, मी ओट्यावर दूध उतू घातलं, पुरणपोळी केली. मामा पोटभर जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी सतरंजी झटकली, घडी करून माझ्या हातात दिली, खिळ्यावरची पिशवी काढली आणि किल्ल्यांचा जुडगा पोरीपुढे ठेवला. कोणती किल्ली कशाची ते तिला दोनदा सांगितलं.

"कुठं निघाले?" मी विचारलं.

"सोनपेठला. चारची गाडी हाय."

"राहा की आजचा दिवस."

मी हेच म्हणाले. आजचा दिवस. अजून आठवलं तरी स्वतःचे कान उपटावेसे वाटतात.

"न्हाई माय, खोली लय दिस बंद हाय. गाडी डेपोत लागली, आता कंडक्टर उतरतोय." हसले, चौकटीवर दोनदा टकटक केलं आणि गेले. नवरा स्टँडपर्यंत सोडून आला. आम्हाला वाटलं, चार दिवसांत येतील. खोलीची व्यवस्था लावून येतील. आपलंच घर आहे, यायला काय लागतंय?

चार दिवस गेले, आठ गेले. फोन केला की सगळं बरं असायचं. "येतो की. सवडीनं येतो."

मग एक दिवस समोरच्या काकू कढीलिंबाची पानं न्यायला आल्या. पानं खुडता खुडता म्हणाल्या, "दादा गेले तवापसून लय सुनं वाटायलंय. मी त्यास्नी इचारलं व्हतं, आता कायमचं हितंच ना म्हून."

"काय म्हणाले?"

काकू जरा घुटमळल्या. "वाईट नका वाटून घिऊ. म्हणले, दिवा लावायला ठिवलं व्हतं, त्ये काम झालं. राहायला ये म्हून कुणी म्हणलं न्हाई. खोल्या तीनच हैत, एक त्यांची, एक पोरीची, एक सामानाची."

काकू गेल्या. मी हॉलमध्ये त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभी राहिले आणि मला एकेक गोष्ट उलगडत गेली. सतरंजी दाराशी का. स्टोव्ह बाहेर का. पिशवी दहा महिने खिळ्यालाच का, तिच्यातले कपडे एकदाही फळीवर का गेले नाहीत. एवढं मोठं घर त्यांनी सांभाळलं आणि स्वतः त्यात एक हात जागा घेऊन राहिले, तीही बाहेर पडायला सोपी. मला खूप रडू आलं. रागही आला, त्यांचा नाही, माझा. अख्ख्या जिल्ह्याला कुंकू लावून आवतन देत हिंडले होते मी. घरच्या माणसाला आवतन नसतं, हे खरंच. पण घरचं माणूस आहे हे तरी त्याला कोणी सांगायला नको?

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी आणि पोरगी मागची खोली रिकामी करत होतो. गाद्यांचे गठ्ठे, जुना कूलर, पोरीच्या बालवाडीपासूनच्या वह्या, सगळं बाहेर. मी सगळं सांगितल्यावर त्याने आमच्या खोलीतली चांगली खाट ओढत मागच्या खोलीत नेली.

"मी जातो उद्या दादांना आणायला," म्हणाला.

"तू नाही. मी जाणार," मी म्हटलं.

आमच्याकडे पंचमीला, दिवाळीला लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक एकटी उठून येत नाही, कितीही ओढ असली तरी. वाट बघते, पण आपण होऊन येत नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळच्या गाडीने मी सोनपेठला मुराळी म्हणून गेले. पिशवीत कुंकवाचा करंडा, रुमालात बांधलेल्या अक्षता आणि एक सुपारी.

मामा खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. मला एकटीला बघून घाबरले. "काय झालं? पोरगी बरी हाय ना? मोटर बंद पडली का?"

"सगळं बरं आहे. हात पुढे करा."

मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, तळहातावर अक्षता आणि सुपारी ठेवली.

"आवतन आहे मामा."

"कशाचं? कोणाचं काय हाय?"

"राहायला यायचं. दिवा लावायला नाही, पाहुणे म्हणून नाही. कायमचं राहायला. मागची खोली तुमची आहे. वास्तूच्या दिवशी मी सामानाची म्हणाले, चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, म्हणाले नाही."

मामा अक्षतांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येडी हाय का माय? घरच्याला कुठं आवतन असतंय?"

"मग चला घरी."

त्यांनी अक्षता मूठ मिटून घट्ट धरल्या. मग निवडलेले तांदूळ डब्यात भरले, स्टोव्ह पुसला, भांडी शेजारच्या बाईला देऊन टाकली. मालकाला किल्ली दिली तेव्हा तो म्हणाला, "कधी येताल परत?" मामा म्हणाले, "न्हाई आता. सून मुराळी म्हून न्यायला आलीय." आणि त्या खोलीच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीला वेळ होता. मामांनी सवयीने पिशवी खिळ्याला लावायला हात वर केला.

"तिथे नाही," मी म्हटलं. "आधी रिकामी करा."

मागच्या खोलीत खाटेवर बसून त्यांनी पिशवी उघडली. दोन शर्ट, धोतर, दाढीचं सामान, टॉर्च. तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक चौकट होती. टॉवेल सोडला तर सासूबाईंचा फोटो. दहा महिने तो त्या घरात होता, दाराजवळ, पिशवीत, आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

मामांनी तो गुडघ्यावर ठेवला, बाहीने काच पुसली आणि भिंतीकडे बघत मला विचारलं, "माय, हितं एक खिळा ठोकू का?"

मी कपाटावरचा हातोडा काढून त्यांच्या हातात दिला.